परबकाकांची जाळरेषा

आमच्या सोसायटीत परबकाकांचं नाव काढून बघा. दोन मिनिटांत कोणीतरी मोबाईल पुढे करेल आणि तो व्हिडिओ दाखवेल. अर्ध्या मिनिटाचाही नाही. तिसऱ्या मजल्यावरून काढलाय. खाकी पँटमधला एक म्हातारा वाकून गवताला काडी लावतो, दोन पावलं सरकतो, परत वाकतो, परत काडी लावतो. खाली कोणा हौशी माणसाने गाणं जोडलंय. "हा बघा, ह्यानेच डोंगर पेटवला. आमच्याच बिल्डिंगमधला. बी विंग, तळमजला." सांगणाऱ्याच्या आवाजात एक समाधान असतं, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण ती काडी त्यांनी का लावली हे मला माहीत आहे. आणि त्यांच्यावर ती पाळी आणणाऱ्या पत्रावर सेक्रेटरी म्हणून सही माझी आहे.

रघुनाथ परब मूळचे मालवणकडचे. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मुलगा नॅशनल पार्कात रोजंदारीवर वनमजूर म्हणून लागला आणि पुढे वनरक्षक होऊन रिटायर झाला. माणूस बुटका, काटक, पायात कायम जाड तळाचे काळे बूट. आमची सोसायटी बोरीवली पूर्वेला, मागची भिंत म्हणजे थेट जंगलाची हद्द. फ्लॅट घेताना सगळ्यांना जंगल हवं असतं, गॅलरीत माकड आलं की मात्र तक्रारीचा अर्ज माझ्याकडे येतो. ह्या सगळ्या सोसायटीत जंगलाशी खरी ओळख असलेला माणूस एकच, तोही तळमजल्यावर, जिथून जंगल दिसतसुद्धा नव्हतं. भिंत मध्ये यायची.

रोज सकाळी साडेसहाला ते मागच्या गेटातून बाहेर जायचे, जमिनीवरचं एक वाळकं पान उचलायचे आणि कानाजवळ नेऊन मुठीत चुरगाळायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय.

"काय ऐकताय काका?"

"आवाज येता काय बघतंय." त्यांनी मूठ उघडून दाखवली. पान नुसतंच मुडपलं होतं. "आज वाजूक नाय. म्हणजे अजून ओल आसा. वाजला आणि भुगो झालो, की त्या दिवसापासून झोप नाय."

माझं माहेर अकोल्याचं, मला मालवणी नीट कळायची नाही. ते माझ्याशी बोलताना अर्धं मराठी, अर्धं मालवणी असं बोलायचे आणि मला कायम ‘सेक्रेटरी’ म्हणायचे. मी सेक्रेटरी नव्हते तेव्हापासून. ‘ही बाय सगळ्यांक नियम सांगता, हीच होतली,’ असं त्यांनी बायकोला म्हणे आधीच सांगून ठेवलं होतं.

तर त्यांची जाळरेषा. वनखात्यात हा शब्द आहे, काका नुसतं ‘लाईन’ म्हणायचे. भिंतीला लागून जंगलाच्या बाजूला पंधरा-वीस पावलं रुंदीचा एक पट्टा. डिसेंबरात त्यावरचं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि जानेवारीत दंव सुकायच्या आत, वारा पडलेला असताना, हळूहळू जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात डोंगराला आग लागली तर ती ह्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरते. एवढं साधं काम आहे. पण करायला चार माणसं लागतात, हातात ओल्या फांद्या लागतात आणि वाऱ्याची अक्कल लागते. रिटायर झाल्यावरही काका दर जानेवारीला हे करायचे. बीटवर, म्हणजे जंगलाच्या आमच्याकडच्या भागावर, शेळके मॅडम म्हणून वनरक्षक होत्या, माणसं कायम कमी, त्या हक्काने फोन करायच्या, "काका, येताय ना?" बाजूच्या पाड्यावरून लक्ष्मण तुंबडा आणि त्याचे दोन भाऊ यायचे. साडेनऊपर्यंत काम संपायचं. मग काका मागच्या गेटाजवळच्या नळावर उभे राहून मूठभर मातीने हात घासायचे. साबण घ्यायचे नाहीत. काजळीचं काळं पाणी आमच्या नव्या टाईल्सवरून वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे त्याचीही तक्रार यायची.

आगीचं त्यांना प्रेम होतं असं कोणी समजू नये. एकदा आमच्या सफाईवाल्याने कंपाउंडमध्ये पानांचा ढीग पेटवला, तर काका बनियनवर धावत आले आणि कोणाचीतरी कपडे धुवायची बादली त्यावर ओतली, कपड्यांसकट. मी म्हटलं, "काका, तुम्ही स्वतः तिकडे एवढं जाळता, आणि ह्याच्या मूठभर पानांवर कशाला चिडता?"

"हो जाळता कित्याक? झाडूक कंटाळो येता म्हणून." ते खरंच चिडले होते. "मी जाळतंय ता पुढची आग येऊ नये म्हणून. आग वायट नाय गो, तिची येळ वायट."

मग तिथेच, ओल्या राखेजवळ उकिडवं बसून, त्यांनी मला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं. डोंगराला दर वर्षी आग लागली की गवत पोसतं, झाड नाही. वरचं जळतं पण गवताचं मूळ शाबूत राहतं, ते पावसात दुप्पट येतं. तबेलेवाल्यांना तेच हवं असतं, म्हणून काही जण मुद्दाम काडी टाकतात. पण ऐनाचं, खैराचं वीतभर रोप असतं ते गेलं की गेलंच. जमिनीवर अंडी घालणारी पाखरं गेली. वरच्या उतारावर दहा वर्षं आग शिरू दिली नव्हती त्यांनी, तिथे आता माणसाच्या उंचीची झाडं होती. ती दाखवताना पोरांचे मार्क सांगावेत तसा चेहरा व्हायचा त्यांचा.

आणि चुकाही सांगायचे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी लक्ष्मणच्या वडिलांचा कोयता जप्त केला होता. म्हातारा खालच्या उतारावर भात लावायचा, आणि त्याआधी फांद्या-पाला पसरून राब भाजायचा. कोकणात काकांच्या स्वतःच्या घरी वर्षानुवर्षं हेच होत होतं, रोपं जोमाने येतात त्याने. पण इथे ते खाकी घालून उभे होते. "वरून हुकूम होतो, जंगलात आग दिसता नये. मी कोयतो घेतलंय, म्हाताऱ्यान राब सोडल्यान. दोन वर्सात थंय इतको पालो साठलो की मे महिन्यात अख्खो उतार गेलो. त्याचो कोयतो मी परत नेऊन दिलंय. तो कायेक बोलाक नाय, माका च्या दिल्यान."  लक्ष्मणवर त्यांचा जीव होता तो त्यामुळेच असावा.

मालवणचा माणूस शिमग्याला गावाला जात नाही हे तुम्ही ऐकलंय कधी? गणपती एकवेळ चुकेल. शिमग्याला देवाची पालखी दारात येते, घरचा कर्ता पुरुष उभा लागतो. काका नोकरीत लागल्यापासून एकदाही गेले नाहीत. कारण होळी आणि आगीचा सिझन एकच. लोक डोंगरात होळी पेटवायला जातात, दारू पितात, निखारे तसेच टाकून येतात. काका ते आठ-दहा दिवस डोंगरावर. पालखीसमोर काकी एकट्या उभ्या राहायच्या आणि गावकीची बोलणी खायच्या. "मुंबईत जाऊन मोठो झालो तुझो घोव, देवाक येळ नाय." काकी हे मला हसत सांगायच्या, पण दर वर्षी सांगायच्या.

आता आमच्या सोसायटीचं पुण्यकर्म सांगते.

मुंबईच्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. भिंतीपलीकडे कापलेला, साफसूफ, वीस पावलांचा पट्टा वर्षानुवर्षं मोकळा पडलेला. आमच्या कमिटीला वाटलं, किती छान जागा वाया चाललीय. कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि तिथे ‘निसर्ग कट्टा’ झाला. आधी दोन बाकडी. मग झोपाळा. मग हिरवळ. मग वर सावलीला नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, गावाकडचा फील यावा म्हणून. जंगलाच्या जमिनीवर, जाळरेषेच्या बरोब्बर मधोमध, वाळक्या झावळ्या! आणि ह्याच कट्ट्यावर बसून आमचे लोक पाड्यातल्या लोकांना अतिक्रमणवाले म्हणायचे. लक्ष्मणच्या खापरपणजोबांची घरं तिथे आहेत. आमचं भोगवटा प्रमाणपत्र यायला बारा वर्षं लागली होती.

काकांनी मला एकदाच सांगितलं, "सेक्रेटरी, ता छप्पर काढ." मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या वर्षी कारवी फुलली. अख्खा उतार जांभळा. सोसायटीने ट्रेक काढला, मॅचिंग टी-शर्ट, फोटोंचा पाऊस. ह्या झुडपाचं असं की ते कित्येक वर्षांतून एकदा फुलतं आणि फुलून झालं की मरतं. फोटो काढणाऱ्यांतलं कोणीही डिसेंबरात परत बघायला गेलं नाही. काका गेले. डोक्याएवढ्या उंच वाळक्या काठ्या, अख्ख्या डोंगरभर उभ्या. "ह्या वर्सी लाईन दुप्पट रुंद होयी," म्हणाले. "आणि बी पडलाहा. ता जळला तर पुढची कारवी नाय."

नेमक्या त्याच वर्षी तक्रारी वाढल्या. धुराने खोकला होतो, गॅलरीत काजळी येते, वाळत घातलेले पांढरे शर्ट खराब होतात. खोकला खरा होता, मी नाकारत नाही. सी विंगमधल्या एका बाईंना दमा होता आणि त्या दोन तासांत त्यांचे हाल व्हायचे. काका आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन वेळ सांगून यायचे, त्या बहिणीकडे दहिसरला जायच्या. त्यांची तक्रार नव्हतीच. तक्रार होती शर्टवाल्यांची. जनरल बॉडी बोलावली.

काका आले ते स्टीलच्या दोन पराती घेऊन. दोन्हींत मातीचा थर, वर वाळलेलं गवत. पहिल्या परातीत मधून बोटाने एक पट्टी साफ केली आणि काडी लावली. आग पट्टीपर्यंत आली, बसली. लोक बघत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या परातीत तसंच केलं, फक्त पट्टीवर झावळीचा एक तुकडा आडवा ठेवला. आग झावळीवरून पलीकडे गेली आणि उरलेलं गवत भसकन पेटलं. "ह्यो तुमचो कट्टो," काका म्हणाले. एवढ्यात हॉलचा स्मोक अलार्म वाजला, कोणालाच तो बंद करता येईना, दोन माणसं खुर्चीवर चढली, बायका बाहेर पळाल्या. मीटिंग परत भरली तेव्हा विषय एकच उरला होता: परबांनी बंदिस्त जागेत आग लावली ती लावलीच कशी. जाळरेषा थांबवावी अशी विनंती वनखात्याला करण्याचा ठराव पास झाला. मसुदा चेअरमननी केला, सही मी केली. मला तेव्हाही ते चुकीचं वाटत होतं. पण ठराव पास झालाय, माझं काम सही करायचं, असं मी स्वतःला सांगितलं. नियम सांगणारी बाई ना मी.

पत्राच्या जोडीला वरून कुठूनतरी फोनही गेला असावा. शेळके मॅडम आल्या, म्हणाल्या, "काका, ह्या वर्षी तुमच्या भिंतीमागे करू नका म्हणून सांगितलंय." काकांनी त्या जानेवारीत काडी लावली नाही. पण रोज पान चुरगाळायला जात राहिले. फेब्रुवारीच्या मध्याला एक दिवस गेटातून परत येताना मी न विचारताच त्यांनी मूठ उघडून दाखवली. सगळा भुगा होता.

आग लागली ती होळीच्या चार दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला. कोणी लावली ते आजपर्यंत कळलेलं नाही. मार्चात समुद्राकडचा वारा उशिरा सुटतो, तोवर डोंगराकडून गरम वारा खाली येत असतो. त्या वाऱ्याबरोबर ती कारवीतून आली. कारवी जळते तेव्हा फटाक्यांच्या माळेसारखी वाजते, मला तो आवाज अजून सहन होत नाही. बंब आले, पण मागे उतारावर गाडी जायला वाटच नाही. भिंतीच्या आत पार्किंग, पार्किंगला लागून गॅसची पाईपलाईन. उजव्या हाताला पाडा, बारा घरं, निम्म्यांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या.

काका आणि लक्ष्मण कट्ट्यावर होते. आधी त्यांनी छप्पर ओढून पाडलं आणि झावळ्या डोंगराच्या बाजूला फेकल्या. मग काकांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, खाली वाकले, आणि भिंतीपासून चार पावलांवर गवताला काडी लावली. दोन पावलं सरकले, परत लावली. जानेवारीत करायचं काम ते अर्ध्या तासात करत होते, समोर आग उभी असताना. ही छोटी आग वाऱ्याच्या उलट सरपटत वर गेली आणि तिच्यामागे काळी जमीन उरली. लक्ष्मणचे भाऊ पाड्याच्या बाजूने फांद्यांनी झोडपत होते. मोठी आग खाली आली, काळ्या जमिनीपाशी थांबली, कट्ट्याची बाकडी खाऊन संपली. भिंत राहिली, पाडा राहिला. वरचा दहा वर्षांचा उतार गेला. कारवीचं बी गेलं.

काका नळावर हात घासत उभे होते. घासत होते की रडत होते, मला नक्की सांगता येणार नाही, पाठ माझ्याकडे होती. तोवर व्हिडिओ तीन ग्रुपवर गेला होता.

मग चौकशी. ती व्हायलाच हवी होती, जंगलात काडी लावली तर विचारणारच. शेळके मॅडमनी त्यांना वाचवायचा खूप प्रयत्न केला. "काका, जबाबात फक्त एवढंच म्हणा, की आग आधीच पोचली होती, तुम्ही विझवत होतात." मी त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर होते.

"मीच लावलंय," काका म्हणाले. "लिवा. पस्तीस वर्सा लावलंय, आज खोटा कित्याक सांगू?"

मी आमच्या पत्राची प्रत आणि कट्ट्याचे फोटो नेले होते. चेअरमननी मला आदल्या दिवशी बजावलं होतं की पत्र देऊ नका, कट्ट्याचा विषय निघेल, सोसायटी गोत्यात येईल. मी दिलं. मला वाटलं होतं ह्याने काहीतरी उलटंपालटं होईल. पत्राची पोच मिळाली, शिक्का मारून. फाईलला लागलं. काकांना सिझनमध्ये जंगलाच्या हद्दीत पाऊल ठेवायला मनाई झाली. कट्ट्याला नोटीस आली, तिला कमिटीने वकिलाकडून उत्तर दिलं, त्या उत्तराला उत्तर यायचंय. मी सेक्रेटरीपद सोडलं. त्याने कोणाचं काही अडलं नाही.

दिवाळीपर्यंत कट्टा परत उभा राहिला. ह्या वेळी पत्र्याचं छप्पर, आग लागू नये म्हणून. खाली मात्र गवत, आणि भोवती शोभेची बांबूची जाळी. मी काकांकडे जाऊन खूप बोलले, कमिटीला शिव्या घातल्या. ते ऐकत राहिले. काकींनी मला सोलकढी दिली आणि म्हणाल्या, "गप रव गो, तेंका त्रास होता."

काकांना ह्या कामात शेवटचं बघितलं ते जानेवारीत. लाईन जाळायचा हुकूम ह्या वेळी वेळेवर निघाला होता, डोंगराच्या पूर्ण कडेने. फक्त जिथे बांधकामाचा वाद चालू आहे तेवढी जागा सोडून. म्हणजे आमची भिंत. काका सकाळी सहालाच मागच्या गेटापाशी येऊन उभे राहिले, बूट घालून, आतल्या बाजूला. गेट उघडं होतं, उंबऱ्यापलीकडे पाय टाकला नाही. कानाला फोन. लाईनीच्या त्या टोकाला लक्ष्मण.

"वारो खंयसून येता?... नको, थांब. दंव बघ आधी... हां, आता लाव. सावकाश."

दोन तास ते तसे उभे होते. धूर सरळ वर जात होता, इतकं सुंदर काम चाललं होतं. पट्टा काळा होत होत आमच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत आला. लक्ष्मण आता इथून दिसत होता, हातात ओली फांदी घेऊन, वीतभर आगीच्या मागे. पुढे आमचं गवत. त्यापुढे कट्ट्यावर ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब चालू होता, हात वर करून मोठमोठ्याने.

लक्ष्मण समोर दिसत असूनही फोनवरच बोलला. "काका, हितं वारा चांगला आहे. आणू का पुढं?"

काकांनी कट्ट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. 

"विझव," ते म्हणाले.

लक्ष्मणने दोनदा फांदी मारली. काकांनी फोन खिशात ठेवला आणि सवयीने नळापाशी गेले. वाकून कुंडीतली चिमूटभर माती उचलली, नळ सोडला, आणि पाण्याखाली धरलेल्या हातांकडे बघत राहिले. हात स्वच्छ होते. त्यांनी माती परत कुंडीत टाकली, नळ बंद केला आणि घरात गेले.

त्या शिमग्याला गावी परबांच्या दारात पालखी आली तेव्हा काका पुढे उभे होते, असं काकींनी फोनवर सांगितलं. दोघं मुंबईला परत आले नाहीत, गावीच राहिले. मधे एक पावसाळा गेला, आमच्या भिंतीमागचं गवत आता गुडघ्याच्या वर आलंय. मी रोज सकाळी जाऊन एक पान चुरगाळते. कालपासून ते वाजायला लागलंय.